पंधरा वर्षे उलटलेल्या ओम्नीला महागडे सुटे भाग घालावेत का?

कोकमवाला (वाळपई)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१० सालची मारुती ओम्नी आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, त्यामुळे कागदोपत्री ती २०३० पर्यंत चालवता येईल. मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर झाले आहेत. आमच्या घरी आमसुले, कोकमाचे आगळ आणि पापड तयार होतात. तो माल घेऊन मी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातो आणि महिन्यातून एकदा बाटल्या व डबे आणण्यासाठी चोर्ला घाटाने बेळगाव गाठतो. वर्षाकाठी साधारण बारा हजार किलोमीटर होतात. चतुर्थीच्या आधी याच गाडीतून माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामानही जाते, आणि त्या चार-पाच दिवसांत गाडी उभी राहिली तर वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा बुडतो.

सध्या गाडीची दुखणी पुष्कळ आहेत. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइलचा ओला डाग दिसतो. गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज येतो, तो प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्यातल्या चौफुली तुकड्याचा, असल्याचे मेकॅनिकचे म्हणणे आहे. वॉटर पंप ठिबकतो, पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्झॉर्बर तेलाने माखले आहेत आणि सायलेन्सर कुजला आहे. मेकॅनिकने दोन हिशेब लिहून दिले आहेत. सगळे भाग कंपनीच्या वेष्टनातले घेतले तर मजुरीसह २३,८०० रुपये, आणि बाजारातले स्वस्त घेतले तर १४,२०० रुपये होतात. मजुरी दोन्हींत ६,००० रुपयेच आहे. एवढ्या जुन्या गाडीवर वरचे ९,६०० रुपये खर्च करावेत की नाहीत, हे मला ठरवता येत नाही. घरातही दोन मते आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दूध संस्थेचा चालक (फोंडा)

भाऊ, राग मानू नका, पण ही गाडी आज विकायला काढली तर ऐंशी हजारसुद्धा हाती पडणार नाहीत. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले आहे. अशा गाडीत चोवीस हजार ओतणे मला पटत नाही. स्वस्त भाग घालून चतुर्थी पार पाडा आणि नंतर जुनी पण अलीकडच्या सालातली मारुतीचीच ईको व्हॅन बघा.

निवृत्त फोरमन (डिचोली)

मी एकतीस वर्षे वर्कशॉपमध्ये काम केले आणि त्यांतली निम्मीअधिक वर्षे ओम्नी आणि मारुती ८०० या गाड्यांच्या खाली गेली. दोन्हींचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन एकाच घराण्यातले असल्याने हाताला त्यांची सवय आहे. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

वरच्या प्रतिसादात गाडीच्या विक्रीच्या किमतीशी दुरुस्तीचा खर्च ताडला आहे. लोक नेहमी तसेच करतात आणि नेमके तिथेच चुकतात. ही गाडी तुम्हाला विकायची नाही, तिच्याकडून काम करून घ्यायचे आहे. तुलना करायचीच तर ती गाडी नसताना म्हापशाला माल पोहोचवण्यासाठी जो टेम्पो भाड्याने घ्यावा लागेल त्याच्याशी करा, किंवा पाच लाखांच्या वर किंमत असलेल्या नव्या ईकोच्या दरमहा हप्त्याशी करा. २०३० पर्यंत तुमचे अजून पन्नास हजार किलोमीटर व्हायचे आहेत. प्रत्येक भाग घेताना तो हे पन्नास हजार काढेल का, एवढेच विचारावे. त्यापुढे टिकणाऱ्या भागासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, आणि त्याच्या आत दोनदा बदलावा लागणारा भाग मात्र स्वस्त म्हणता येत नाही.

क्लचचेच पाहा. चांगला सेट, म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, साधारण ३,६०० रुपयांना पडतो असे धरू, आणि स्वस्तातला १,७०० रुपयांना. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असल्यामुळे क्लचपर्यंत पोहोचायला प्रोपेलर शाफ्ट सोडवून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्याची मजुरी २,५०० धरा. माझ्या अनुभवात मालवाहू गाडीत स्वस्त प्लेट वीस-पंचवीस हजार किलोमीटरवर घसरू लागते. पन्नास हजारांत ती दोनदा घातली तर ८,४०० रुपये होतात, आणि चांगली एकदा घातली तर ६,१०० रुपयांत काम भागते. शिवाय गाडी गॅरेजात असेल तो एक दिवस वेगळाच. म्हणून जिथे पोहोचायलाच मजुरी मोडते, तिथे भाग चांगलाच घ्यावा. क्लच, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट या वर्गात मोडतात. पंपाचे काम निघालेच आहे, तर बेल्ट कधी बदलला होता ते आठवा. आठवत नसेल तर तोही आताच बदलून घ्या.

एक गोष्ट मात्र मेकॅनिकला आवर्जून सांगा. गिअरबॉक्स खाली आला की इंजिनाच्या मागच्या तोंडाचे ऑइल सील बोट फिरवून तपासायचे. तिथे तेलाचा ओलावा असेल तर सर्वांत महागडी प्लेटसुद्धा काही महिन्यांत तेलकट होऊन घसरू लागते. दोनशे रुपयांच्या आतल्या त्या सीलकडे दुर्लक्ष झाल्यामुळे नवा क्लच वाया गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

दुसरा वर्ग ब्रेकचा. तिथे हा हिशेब लावू नका. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक ढकलणारी नळकांडी) गळत असेल तर मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर आणि शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) बदला, कारण एका बाजूचेच बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. तेल प्यायलेले शूचे लायनिंग (घासणारा थर) घासून किंवा भाजून पुन्हा वापरू नये. हँडब्रेकही तारेने त्याच मागच्या शूंना ओढतो, त्यामुळे शू तेलकट असताना हँडब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा वर्ग सायलेन्सर, आरसे, दाराची हँडले, हॉर्न आणि वायपर यांच्यासारख्या भागांचा. ते हाताशी असतात, बदलायला पंधरा मिनिटांपासून फार तर तासभर लागतो आणि ते बिघडले म्हणून दुसरे काही बिघडत नाही. ते खुशाल स्वस्त घ्या.

मात्र यातले काहीही विकत घेण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचा पत्रा, पायाखालची जमीन आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला जोडलेले असतात त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. ओम्नीला वेगळी जाडजूड चॅसी (खालचा सांगाडा) नाही, तिचा पत्रा हीच तिची हाडे आहेत. टोचल्यावर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर आधी पैसा तिथे लावा. पाट्याची जागाच सुटायला आली असेल तर नव्या क्लचचा काय उपयोग?

बेटावरचा (चोडण)

फोरमनकाकांच्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन. आमची गाडी रोज फेरीबोटीत चढते-उतरते. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खारे पाणी चाकांना लागतेच. सायलेन्सरवर मी एकदा हौसेने जादा पैसे घातले आणि तो स्वस्तातल्यापेक्षा जेमतेम एक पावसाळा अधिक टिकला. आता साधाच घालतो. वाळपईला समुद्राची हवा नाही, पण जून ते सप्टेंबर तुमच्याकडे किनाऱ्यापेक्षा जास्त पाऊस कोसळतो आणि रस्त्यावरचा तांबडा चिखल पत्र्याच्या कोपऱ्यांत साचून आठवडाभर ओला राहतो. पावसाळा संपला की पंपाच्या पाण्याने गाडी खालून धुऊन घ्यावी आणि वाळल्यावर रस्टप्रूफिंग (गंजरोधक लेप) करावे.

केटरिंगवाली (फोंडा)

भाऊ, ब्रेकच्या बाबतीत माझा अनुभव लिहिते, कारण तुम्हीही चोर्ला घाटानेच जाता.

तीन वर्षांपूर्वी माझ्या व्हॅनच्या मागच्या व्हील सिलिंडरचे रबर बदलायचे होते. पूर्ण सिलिंडर घ्यायला पैसे कमी पडत होते, म्हणून एका दुकानातून बिननावाच्या पिशवीतले कप (आतले रबरी सील) आणि बूट (बाहेरची रबरी टोपी) घेतले. किंमत शंभर रुपयांच्या आत होती. चार महिने काहीच त्रास झाला नाही. मग एका रविवारी बेळगावहून भाजी आणि दोन मोठी पातेली भरून परतत होते. गाडीत माझ्यासोबत दोन मदतनीस बाया होत्या. घाट उतरून केरीच्या जवळ आलो तेव्हा एका वळणावर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली गेले. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला टेकले. मी पेडल भराभर दाबत राहिले, दुसऱ्यातून पहिल्या गिअरवर आणले आणि हँडब्रेक ओढला, तर त्याला काही पकडच नव्हती. तेव्हा ते का झाले हे कळले नव्हते, आज काकांचे उत्तर वाचून कळले. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते आणि रस्ता थोडा सपाट झाला. गाडी मातीच्या कडेला घासत थांबवली. मागच्या बाईच्या मांडीवरचे पातेले तिने घट्ट धरून ठेवले होते. ती उतरली तेव्हा तिच्या बोटांवर पातेल्याच्या काठाचा वळ उमटलेला होता.

दुसऱ्या दिवशी ड्रम काढला तेव्हा मेकॅनिकने तो कप माझ्या तळहातावर ठेवला. घातला तेव्हा त्याची कड ताठ होती, आता तो भिजवलेल्या काजूगरासारखा फुगून मऊ पडला होता आणि एका बाजूची कड मागे दुमडली होती. ते रबर ब्रेक ऑइलला टिकणारे नव्हतेच, असे त्यांनी सांगितले. तेव्हापासून ब्रेकच्या भागांसाठी मी घासाघीस करत नाही. तुम्हीही करू नका, एवढेच सांगणे आहे.

निवृत्त फोरमन (डिचोली)

ताई, मोठ्या संकटातून निभावलात. पेडल इतके बसूनही गाडी थांबली, याचे कारण मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरमध्ये) दोन स्वतंत्र कप्पे असतात. एका मार्गातले तेल गेले तरी दुसऱ्या मार्गावरची चाके काही प्रमाणात धरतात, मात्र पेडल बरेच खोल जाते.

यात एक भर घालतो. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर चाकापाशी इतकी उष्णता होऊ शकते की तेलात वाफेचे बुडबुडे धरतात, आणि मग एकही भाग फुटलेला नसताना पेडल बसते. आपल्याकडच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. तेलाची बाटली सीलबंदच आणावी, गॅरेजात महिनोन्महिने अर्धवट उघडी असलेली वापरू देऊ नये. चांगले भाग घालून जुनेच तेल ठेवले तर निम्मे काम राहून जाते.

स्पेअर पार्टचे काउंटर (म्हापसा)

मी सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला आहे, त्यामुळे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही अशा दोन-तीन गोष्टी सांगतो.

तुमच्या मेकॅनिकने महाग आणि स्वस्त असे दोनच रकाने केले आहेत. प्रत्यक्षात मधला एक रकाना आहे आणि तुमच्यासारख्या गाडीला बहुतेक वेळा तोच योग्य ठरतो. मोटार बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. क्लच, बेअरिंग, ब्रेक, शॉक आणि फिल्टर बनवणारे कारखाने वेगळे असतात. हेच कारखाने मोटार कंपनीला माल पुरवतात आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही बाजारात विकतात. वॅलिओ, टीव्हीएस गिरलिंग, राणे, गॅब्रिएल, एसकेएफ, बॉश ही नावे तुम्ही ऐकली असतील. अशा खोक्यातला भाग अनेकदा मोटार कंपनीच्या वेष्टनातल्या भागापेक्षा स्वस्त पडतो. दुकानात गेल्यावर 'ओरिजिनल द्या' एवढेच म्हणू नका, बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि भाग क्रमांक सांगून मागा.

दुसरे म्हणजे किंमत जास्त म्हणजे माल खरा, अशी खात्री बाळगू नका. ज्याला मागणी आणि नाव असते, त्याचीच नक्कल होते. बिननावाचा स्वस्त कप निदान आपण स्वस्त आहोत हे लपवत नाही. नामांकित खोक्यात भरलेला बनावट भाग मात्र पूर्ण किंमत घेतो आणि वर विश्वासही घेतो. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना व वर्ष आणि भाग क्रमांक छापलेला असला पाहिजे. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेले किंवा होलोग्राम नुसता चकचकीत कागदाचा असेल तर परत करा. रबरी वस्तूंचा महिना-वर्ष नक्की पाहा, कारण पट्टा किंवा होस (रबरी नळी) पाच-सहा वर्षे फळीवर पडून राहिला तर तो खरा असूनही नवा राहत नाही. पक्के बिल मागा. बिल द्यायला दुकानदार कचरत असेल तर तिथून घेऊ नका, मग ते आमचे दुकान असले तरी.

मेकॅनिकने भाग आणला तर रिकामे खोके आणि काढलेला जुना भाग दोन्ही मागून घ्या. प्रामाणिक माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. मेकॅनिकने जुन्या दरांवरून हिशेब लिहिला असेल तर तो नव्याने करून घ्या.

कोकमवाला (वाळपई)

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. शॉक अ‍ॅब्झॉर्बर कोणत्या वर्गात धरावेत? आणि क्रॉस?

निवृत्त फोरमन (डिचोली)

शॉक मधल्या रकान्यातले, जोडीनेच बदला. गॅस भरलेले महागडे घेण्याची गरज नाही. मालाच्या गाडीला नावाजलेल्या कंपनीचे साधे तेलाचे पुरेत. क्रॉस मात्र चांगल्या बेअरिंग कंपनीचा घ्या. तो चालत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर लोंबकळतो आणि खालचे सगळे झोडपून काढतो. क्लचसाठी शाफ्ट उतरणारच आहे, तेव्हा त्याची मजुरी वेगळी लागायला नको. बसवल्यावर प्रत्येक क्रॉस हाताने चारी दिशांना फिरवून पाहा. कुठेही अडकला तर आतल्या बेअरिंगची एखादी सुई (बारीक रोलर) आडवी पडली आहे असे समजा आणि पुन्हा उघडायला लावा.

कोकमवाला (वाळपई)

काम पूर्ण झाले, म्हणून तपशील नोंदवतो.

काकांच्या सांगण्यावरून आधी गाडी लिफ्टवर चढवली. चालकाच्या पायाखालची जमीन दोन ठिकाणी टोचली गेली आणि उजव्या पाट्याच्या पुढच्या जागेजवळ तळहाताएवढा पत्रा पापडासारखा सुटला. टिंकरने (पत्राकाम करणाऱ्याने) कुजलेला भाग कापून दीड दिवसात नवा पत्रा वेल्ड केला आणि ३,५०० रुपये घेतले. हे दुखणे माझ्या यादीत नव्हते आणि मेकॅनिकच्या दोन्ही हिशेबांतही नव्हते.

मग म्हापशाला जाऊन नावे आणि क्रमांक सांगून भाग आणले. क्लच सेट ३,१००, मागचे दोन्ही सिलिंडर आणि शू २,३००, ब्रेकचे होस ९००, सीलबंद डॉट ३ तेल ३००, वॉटर पंप १,३५०, टायमिंग बेल्ट ७५०, दोन क्रॉस ७६०, शॉकची जोडी २,९०० आणि साधा सायलेन्सर १,६०० रुपये. सहा हजार मजुरी धरून १९,९६० रुपये झाले. पत्र्याचा खर्च यात धरलेला नाही. होस आणि बेल्ट पहिल्या हिशेबात नव्हते, तरीही रक्कम महागड्या रकान्यापेक्षा जवळजवळ चार हजारांनी कमी भरली.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मेकॅनिकने मागच्या सीलवरून बोट फिरवले आणि माझ्यासमोर धरले, ते काळ्या तेलाने ओले होते. म्हणजे नुसती प्लेट बदलली असती तर पुन्हा तेच घडले असते. सील त्याच्याकडेच होते. ते त्याने मजुरीतच बसवून दिले, वेगळे पैसे घेतले नाहीत.

ताई, डाव्या चाकाचा जुना कप मी मुद्दाम मागून घेतला. तुम्ही वर्णन केलात तसा तो फुगलेला नव्हता, पण त्याच्या कडेला नखाएवढी चीर होती आणि सिलिंडरच्या आत गंजाचे ठिपके पडले होते. या महिन्यात बेळगावला जाऊन आलो तेव्हा मी वर चढताना नव्हे, तर परतीला उतरताना पेडलकडे लक्ष देत होतो. केरीपर्यंत ते एकाच उंचीवर राहिले.

फोंड्याच्या दूध संस्थेच्या भाऊंनी ईकोबद्दल सुचवले, त्यावरही घरात बोलणे झाले. २०३० मध्ये पुन्हा तपासणीची वेळ येईल तेव्हा पत्रा कसा आहे ते पाहून ठरवायचे, असे आम्ही घरात ठरवले आहे. तोवर दर दिवाळीच्या आधी गाडी खालून धुऊन टोचून पाहणार आहे.

निवृत्त फोरमन (डिचोली)

उत्तम काम झाले. नव्या क्लचवर पहिले पाचशे किलोमीटर जड माल घेऊन चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरू नका. आणि हजार किलोमीटर झाल्यावर मागचे ब्रेक एकदा अ‍ॅडजस्ट करून घ्या, नवे शू तेवढ्यात ड्रमला बसलेले असतात.